अरुंद वाटेचा ट्रॅक्टर

ते यंत्र आमच्या अंगणात आलं तेव्हा त्याच्या सांदीसांदीत कोंबड्यांची पिसं अडकलेली होती. माझा मामा नवापूरहून सुरतेला कोंबड्या पोचवायचा आणि येताना रिकाम्या टेम्पोत तिकडचं काहीबाही भरून आणायचा. कधी कापडाचे तुकडे, कधी मोडके पंखे, एकदा तर कुणाच्या बंगल्याचा अख्खा झोपाळा. या वेळी त्यानं फळी लावून जे खाली उतरवलं ते आधी मला लहान मुलांचं खेळणं वाटलं. चार चाकं, पत्र्याचं आसन, हातभर स्टिअरिंग, नाकाडावर परदेशी अक्षरं, आणि सगळ्यावर कोंबड्यांचा वास. दारातून भाकरीचं पीठ लागल्या हातांनी आई आणि मोठी माय दोघी बाहेर आल्या. मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती. घरात सगळ्यांत आधी तिचा शब्द चालायचा आणि सगळ्यांत शेवटी तात्यांचा.

तात्या माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. दोघांची शेती एकत्र, चूल एकत्र आणि तापीकाठची केळीची बागही एकत्र. तात्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि मामाला विचारलं, "हाऊ ट्रॅक्टर शे का खुराडं?"

"सुरतना एक शेठना बंगलाना शे," मामा म्हणाला. "बागमा गवत कापे."

"आमना आठे गवत बैल खातस," तात्या म्हणाले आणि हात धुवायला निघून गेले.

आप्पा उकिडवे बसले, एक पीस ओढून काढलं, फुंकर मारली आणि आतलं चाक बोटानं फिरवलं. ते फिरलं. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त भुवई उचलली. त्या भुवईवर माझं पुढचं सगळं आयुष्य बेतलं गेलं, असं मी आज म्हणते तेव्हा नातवंडं हसतात. हसू देत. माझ्या पडवीत आज अशी म्हातारी छोटी ट्रॅक्टरं उभी असतात, लोक नाशिकहून, इंदूरहून टेम्पोत घालून आणतात, आणि ज्यांना कुणी हात लावत नाही तीच मी घेते. हे सगळं त्या भुवईतून निघालं.

माझी शाळा तेव्हा नुकतीच संपली होती. घरात मिरच्या सुकवायचे दिवस होते. नंदुरबारकडची मिरची अंगणभर पसरलेली, आणि वारा फिरला की अख्खं घर शिंकायचं. मला मिरच्यांची देठं खुडायला बसवलेलं असायचं. बसायची मी, पण माझा एक डोळा गोठ्याकडे. कारण आप्पांनी यंत्र गोठ्यात नेऊन ठेवलं होतं आणि संध्याकाळच्या आत ते सगळं उघडं करून गोणपाटावर मांडलं होतं. मग "जरा हाऊ धर" असं करत करत त्यांनी मला तिकडे ओढलं ते कायमचं. मूळचं इंजिन साफ गेलं होतं. ते सोडून देऊन आम्ही आमचंच जुनं रॉकेलचं इंजिन बसवायचं ठरवलं. तापीवरून पाणी उचलायला ते ठेवलेलं असायचं. विजेची मोटर आल्यापासून पडवीत धूळ खात होतं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की तोटी फिरवून रॉकेलवर आणायचं. तोटी फिरवायची वेळ आवाजावरून कळते. आप्पा मोजून बघायचे, मी ऐकून सांगायची, आणि माझं चुकायचं नाही.

इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसवायचं पॅकिंग आम्ही घरीच केलं. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नपत्रिका उरल्या होत्या, चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या. पत्रिका लोखंडी तोंडावर ठेवायची आणि काठाकाठानं हातोडीनं हलके हलके ठोकत जायचं. लोखंडाची धारच पुठ्ठा कापते, कात्री लागत नाही. आप्पांनी पत्रिकेवरचा गणपती तेवढा वगळला, तो कापायचा नाही म्हणून. त्यामुळे ते पॅकिंग एका बाजूला गरजेपेक्षा रुंद झालं, आणि इंजिनाच्या कडेनं गणपतीची सोंड बाहेर डोकावत राहिली. मोठी मायनं ती पाहिल्यावर यंत्राला हळदकुंकू लावलं. तिच्या मते आता ते घरातलं झालं होतं.

माझ्या हातांना रॉकेलचा वास कायमचा बसला. आई राखेनं आणि लिंबाच्या सालीनं घासून घ्यायची, तरी कळण्याच्या भाकरीचा घास तोंडाशी नेला की आधी रॉकेल नाकात जायचं. ज्या दिवशी डाळीचे फुनके आणि कढी असायची त्या दिवशी मात्र ती चव जाऊ नये म्हणून मी चमच्यानं जेवायची. मोठी माय म्हणायची, बघा, साहेबीण बसली. मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगते, मला तेव्हा स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. पाना कोणत्या मापाचा लागेल हे मी बोल्ट नुसता बघून सांगायची.

तात्यांशी बिनसलं ते गव्हाणीवरून. यंत्राचे तुकडे घट्ट धरायला शिकंजा पाहिजे होता, आणि शिकंजा बसवायला भक्कम लाकूड. गोठ्यात सगळ्यांत भक्कम लाकूड होतं ते कोपऱ्यातल्या गव्हाणीचं. आप्पांनी भोकं पाडून शिकंजा तिथे ठोकला. ती गव्हाण तात्यांच्या लाडक्या बैलाची होती. तो बैल आदल्या वर्षी गेला होता, आणि तात्या बाजारात नवी जोडी बघत हिंडत होते. त्यांनी ती जागा मनात राखून ठेवली होती हे आप्पांच्या डोक्यातच आलं नाही. तात्या आले, त्यांनी लाकडावर हात फिरवला, भोकात करंगळी घालून पाहिली, आणि आप्पांकडे न बघता मला म्हणाले, "तुन्हा बापले सांग. बठ्ठी बागमा एकदा फिरीसन दखाडा. मधमा आडकना तं हाई डबडं सिद्धं भंगारमा. मन्ही जोडी आठे बांधनी शे."

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. हे सांगायला सोपं आहे, पण आमच्या घरात ते ऐकायला भयंकर होतं. कारण हे दोघं भाऊ म्हणजे बोलण्याचा झरा. पहाटे दात घासतानाही गप्पा, बागेत गप्पा, जेवताना एकाची भाकरी संपली तरी दुसऱ्याची गोष्ट संपेपर्यंत उठायचं नाही. आता ताटं समोरासमोर असूनही नुसता भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. निरोप माझ्यामार्फत किंवा मोठी मायमार्फत. "त्याले सांग, पानी आज खालतून लावनं शे." "त्याले सांग, मले मालूम शे." एकदा मोठी मायनं पळीच आपटली. "तुमना निरोप पोचाडाले मी काय पोस्टमन शे?" ती म्हणाली. दोघंही खाली बघून जेवत राहिले.

मला मात्र एकच चिंता होती. यंत्र गेलं असतं तर शिकंजा गेला असता, गोठ्यातला माझा कोपरा गेला असता, आणि मी परत मिरच्यांच्या देठांपाशी आले असते. आप्पांनी पुन्हा कधी मला पाना धरायला बोलावलं नसतं, कारण पुन्हा तसं काही उघडायला घरात राहिलंच नसतं. म्हणून ते यंत्र न अडकता सगळ्या बागेतून फिरलंच पाहिजे होतं.

केळीच्या बागेत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. आमच्या गुजर शेजाऱ्यांकडे मोठा लाल ट्रॅक्टर होता, पण बागेच्या बांधावर आला की त्याची ऐट संपायची. बैल घालावेत तर ते चालता चालता पानं ओढतात. त्यामुळे आतली सगळी मशागत माणसांच्या हातानं, कुदळीनं. आप्पांचा बेत साधा होता. यंत्र दोन ओळींमधल्या वाटेत बसेल एवढं करायचं आणि मागे तण काढायचं छोटं कोळपं बांधायचं. विहिरीसमोरच्या वाटेत त्यांनी सुतळी धरली, इकडच्या खोडापासून तिकडच्या खोडापर्यंत, आणि त्यातून दोन्हीकडची वीतवीत सोडून गाठ मारली. त्या गाठीवरून मागचा आस कापून शहाद्याला वेल्डिंग करून आणला. मागे मालवाहू रिक्षाची चाकं बसवली, त्यांवर लोखंडी पट्ट्या मारल्या. पुढची चाकं मुळातच जवळ जवळ होती. आसन खाली घेतलं. धुराडं पोटाखालून वळवलं, नाहीतर गरम धुरानं पानं करपली असती. शेठच्या बंगल्यात गवतावर मिरवणारं ते यंत्र आता बुटकं, बसकं आणि आमच्या कामाचं झालं. मला ते पहिल्यापेक्षा देखणं वाटायचं.

बाकीच्या वाटा मोजायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बाग आमची, लावणी आमची, तीही दोरी धरून केलेली. वाटा सारख्याच असणार.

बाग तेव्हा दुसऱ्या पिलीची होती. ज्यांनी केळी केल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. झाडाचा घड उतरवला की ते झाड कापतात आणि त्याच्या बुंध्याशी उगवलेल्या पिलींपैकी एकच पील राखतात, बाकीची कोयत्यानं उडवतात. तीच पील मोठी होऊन पुढचा घड देते. कापलेल्या आईचा खुंट शेजारी बरेच दिवस कुजत उभा असतो. कोणती पील ठेवायची हे आमच्याकडे तात्या आणि आप्पाच ठरवायचे. हे काम ते गड्यांच्या हाती देत नसत.

ठरल्या सकाळी सगळं घर बागेत आलं. मोठी मायनं बरोबर ज्वारीच्या पापडासारखे बिबडे आणि कांदा बांधून घेतला होता, जणू जत्रेलाच निघाली होती. तात्या विहिरीच्या कठड्यावर बसले. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं, पण नजर पलीकडच्या शेवरीच्या झाडांवर. आप्पांनी दोरी गुंडाळून ओढली, इंजिन फटफटलं, मी कान दिला आणि वेळ झाल्यावर तोटी फिरवली. आसनावर मी बसले. आप्पा उंच होते, त्यांचं डोकं पानांत अडकायचं, म्हणून हे आधीच ठरलं होतं. विहिरीसमोरच्या वाटेत मी शिरले. दोन्ही बाजूंना वीतवीत जागा सोडून यंत्र असं सुळसुळत गेलं की मी मध्येच एक हात सोडून पान बाजूला केलं. मागे कोळपं काळी माती उलटी करत होतं. टोकाला पोचले, वळले, आणि दुसऱ्या वाटेत घुसले.

पाच-सहा झाडं मागे पडली आणि डावं चाक खोडाला घासलं. मी उजवीकडे घेतलं तर उजवं घासलं. पुढे रेटलं असतं तर दोन्हीकडची खोडं सोलली गेली असती, म्हणजे पुढच्या वर्षीचे घडच गेले असते. मी तोटी बंद केली. इंजिन थांबल्यावर बागेत इतकी शांतता झाली की कठड्यावरून उतरणाऱ्या तात्यांच्या चपला मला ऐकू आल्या.

आप्पा धावत आले. त्यांना वाटलं वेल्डिंग सुटलं, आस फाकला. ते खाली झोपून बघायला लागले. तात्या येऊन उभे राहिले. त्यांना आनंद झाला होता असं मी म्हणणार नाही, पण त्यांचं ठरलेलं होतं. ते मला म्हणाले, "उतर, पोरी. अक्कलकुवानी वाटवरना भंगारवालाले निरोप धाडस मी."

मी उतरले, पण जागची हलले नाही. मला राग आला होता, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं. ते अजूनही तसंच आहे. आप्पांच्या खिशातून मी सुतळी काढली आणि आधी यंत्राला लावली. गाठ बरोबर. आस फाकलेला नव्हता. मग वाटेला लावली, इकडच्या पिलीपासून तिकडच्या पिलीपर्यंत, तर सुतळी लोंबत राहिली. वाटच अरुंद होती. मग माझं लक्ष खुंटांकडे गेलं. कापलेल्या आईचे खुंट पिलींच्या मागे होते, दोन्ही ओळींत मागेच. पहिल्या लावणीचे कुजके बुडखे त्यांच्याही मागे. मी सुतळी त्या बुडख्यांमध्ये धरली. विहिरीसमोरच्या वाटेपेक्षा इथलं अंतर थोडंच कमी भरलं. म्हणजे मुळात वाट चांगली रुंद होती, पण दोन्हीकडच्या ओळी दर पिलीला चारेक बोटं आत सरकत आल्या होत्या. आणि शेजारची, विहिरीसमोरची वाट तेवढीच फुगत गेली होती.

"तात्या," मी विचारलं, "तुम्ही पील ठेवतस तं कोठे उभा ऱ्हातस?"

"कोठे म्हंजे? आठेच," तात्या म्हणाले. "मी ह्या ओळकडे तोंड करीसन, तुन्हा बाप त्या ओळकडे."

"आन् पील कोनती ठेवतस?"

"जी डोयासमोर दिसस ती."

ते उभे राहून दाखवायलाच लागले. हातात कोयता आहे असं समजून ते आपल्या ओळीसमोर वाकले. आप्पाही मातीतून उठले, अंग झटकलं आणि सवयीनं त्यांच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या ओळीसमोर उभे राहिले. दोघांच्या पाठी जवळजवळ टेकल्या. दोघांच्याही डोळ्यांसमोरची पील वाटेच्या आतल्या बाजूची होती. पलीकडची त्यांना दिसतच नव्हती. शेजारच्या वाटेत ते कधी उभेच राहत नसत, एक वाट सोडून पुढच्या वाटेत जायचे.

"मंग एकच वाटमा दोन्ही जन का बरं?" दोघांनी वेगवेगळ्या वाटा का घेतल्या नाहीत ते मला कळेना. "वायली वायली वाट का नही लेत?"

"वायली लिधी तं बोलसूत कोनसंगे?" तात्या म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. दोघंही तसेच उभे राहिले, पाठीला पाठ लावून, कुणी वळेना. मोठी माय मागे बिबडा मोडत होती तीही थांबली. मग तात्यांनी मान न वळवता म्हटलं, "रमन्या, तू म्हशीनी गोष्ट सांगी ऱ्हायनता नं आठे? मागला पिलीले?"

"हा, दादा," आप्पा म्हणाले. "म्हैस विहीरमा पडनी ती."

"पडनी नही. उतरनी."

आणि मग म्हैस पडली की उतरली यावर दोघं बोलायला लागले. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. पण यंत्र अजून अडकलेलंच होतं, आणि अट तर तात्यांनी काही मागे घेतली नव्हती.

आप्पांच्या मनात आस आणखी कापावा असं होतं. मला ते पटलं नाही. एवढ्या आखूड आसावर यंत्र वळताना कलंडलं असतं, आणि रुंद वाटांत तर अर्धी माती तशीच राहिली असती. मी चाकाकडे बघत होते. रिक्षाचं चाक आतून सपाट नसतं, बशीसारखं खोलगट असतं. बशीची खोलगट बाजू आम्ही बाहेर ठेवली होती. तीच पालथी घातली तर चाक आत सरकणार होतं, एका बाजूला वीतभर नाही पण चार बोटं नक्की, आणि दोन्हीकडची मिळून वाट पुरणार होती. मी आप्पांना सांगितलं. त्यांनी परत ती भुवई उचलली.

उचलायला जॅक नव्हता. पण केळीच्या बागेत टेक्याला लागणाऱ्या बांबूंना काय तोटा? जाड बांबू आसाखाली सरकवला, दगडावर टेकवला. आप्पांचा एकट्याचा जोर पुरेना. तात्या पुढे आले, धोतर खोचलं आणि बांबूवर सगळं वजन टाकलं. "काढ, पोरी, बिगीबिगी काढ," ते म्हणाले. मी बोल्ट सैल केले, चाक उलटं केलं, परत आवळलं. मग दुसरी बाजू. तात्यांच्या मानेची शीर टरारली होती, पण बांबू त्यांनी सोडला नाही. इंजिन सुरू केलं आणि मी त्या अरुंद वाटेतून निघाले. पानं दोन्ही गालांना लागत होती. एकही खोड सोललं नाही. टोकाला चाकं पुन्हा सुलटी केली, रुंद वाट केली, पुन्हा उलटी, पुन्हा अरुंद. असं करत संध्याकाळच्या आत सगळी बाग फिरून झाली, आणि बांबूवर दर वेळी तात्याच होते.

घरी आल्यावर त्यांनी शिकंज्याचे बोल्ट हलवून पाहिले. एक सैल होता. "हाऊ आवय," ते आप्पांना म्हणाले. "जोडी पुढला साल देखसूत." जोडी पुढे आली, ती दुसऱ्या कोपऱ्यात बांधली.

मी दोघांना चांगलं बजावून सांगितलं होतं की पील सगळीकडे उगवतीच्या बाजूची ठेवा, म्हणजे सगळ्या ओळी एकसारख्या सरकतील आणि मला चाकं फिरवावी लागणार नाहीत. दोघांनी माना डोलावल्या. पुढची लावणी दोरी धरून झाली, आणि पहिल्याच पिलीला एक वाट सोडून एक वाट परत अरुंद झाली. लग्न होऊन मी शहाद्याला गेले, तरी मशागतीला माहेरी यायची, कारण ते यंत्र दुसऱ्या कुणाच्या हाताला ऐकायचं नाही. आले की आधी पाना स्टिअरिंगला बांधायची. अरुंद वाट आली की उतरायचं, चाकं उलटी करायची आणि मनातल्या मनात दोघांना शिव्या द्यायच्या. आता बागांत रोपं प्रयोगशाळेतून येतात, पाणी नळ्यांनी थेंबथेंब पडतं, ओळी अशा सरळ की बघत राहावं. मला त्याचं कौतुकच आहे. जुनं तेवढं चांगलं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

तात्या गेले त्या वर्षी लावणी नवी होती, आणि तिच्या पहिल्या पिलीचं काम आप्पांनी एकट्यानं केलं. मी मशागतीला गेले तेव्हा आप्पांनी नेहमीसारखा पाना स्टिअरिंगला बांधून ठेवला होता आणि आसाशी बांबूही. मी विहिरीसमोरच्या वाटेपासून सुरुवात केली. दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी सवयीनं उतरले आणि सुतळी लावली. गाठ बरोबर बसली. तिसऱ्या वाटेत बरोबर, चौथ्या वाटेतही बरोबर. सगळ्या पिली उगवतीच्या बाजूला, मी सांगितलं होतं तशा. सगळी बाग फिरून झाली आणि चाकं एकदाही उलटी करावी लागली नाहीत. आप्पा कठड्यावर बसले होते. मी इंजिन बंद करून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आप्पा, म्हैस पडनी का उतरनी?"

त्यांनी माझ्या हातातली सुतळी घेऊन गुंडाळली. "उतरनी," ते म्हणाले. "दादा बरोबर सांगे."